शून्यत्रुटी कुठे लिहून ठेवायची?

स्क्रू गेज हातात देताना आपण विद्यार्थ्यांना आधी शून्यत्रुटी पाहायला सांगतो. ती वहीत लिहायची आणि प्रत्येक वाचनातून चिन्हासकट वजा करायची. इलेक्ट्रॉनिक मापकांनाही अशा त्रुटी असतात. त्या कुठे लिहून ठेवायच्या, या प्रश्नाचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले.

पूर्वी व्होल्टमीटरच्या पोटात छोटे बदलते रोध असत. ज्ञात विद्युतदाब जोडायचा आणि वाचन बरोबर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. त्रुटीची नोंद जणू त्या स्क्रूच्या स्थितीतच होई. मापकांत सूक्ष्मप्रक्रियक आले तशी ही नोंद आकड्यांच्या रूपात स्मृतीत जाऊ लागली. ह्यूलेट-पॅकार्डचा १९८९ चा साडेआठ अंकी ३४५८-ए मल्टिमीटर हे याचे ठळक उदाहरण. त्याचे झाकण उघडावे लागत नाही. १० व्होल्ट आणि १० किलोओहम ही दोन प्रमाणे जोडली की दुरुस्तीचे आकडे तो स्वतःच काढतो. हे आकडे बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत राहतात. बॅटरी संपली की ते पुसले जातात!

अंशशोधनाचे काम संगणकाकडे सोपवण्यासाठी मापक आणि संगणक यांची जोडणी हवी. ह्यूलेट-पॅकार्डने तयार केलेली अशी जोडणी १९७५ साली 'आयईईई-४८८' या नावाने प्रमाणित झाली. तिच्यात एका तारमार्गावर संगणकासह १५ यंत्रे बसतात. आठ तारा माहिती नेतात आणि तीन तारा केवळ 'तयार आहे', 'पाठवले', 'मिळाले' एवढेच सांगतात. सर्वांत मंद यंत्राने 'मिळाले' म्हटल्याशिवाय पुढचे अक्षर जातच नाही. म्हणून योग्य जोडपट्टी वापरली, तर त्या काळचे मापक आजच्या संगणकाशीही बोलू शकते.

आज्ञावल्यांत मात्र हे शहाणपण नेहमीच नव्हते. टर्बो पास्कल भाषेतील 'थांबा' या आज्ञेचेच पाहा. संगणकाच्या घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामी आवर्तने किती होतात हे प्रोग्रॅम सुरुवातीला मोजे आणि त्या संख्येला ५५ ने भागे. भागाकार १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, मावायला हवा. ५५ × ६५,५३५ म्हणजे सुमारे ३६ लाख. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगवान संगणकांनी ही मर्यादा ओलांडली आणि चांगले चालणारे प्रोग्रॅम सुरू होताच 'शून्याने भागाकार' अशी तक्रार करून थांबू लागले. शून्याने तर कोणीच भागले नव्हते!

थांबणारा प्रोग्रॅम निदान चूक कबूल करतो. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर विनातक्रार चालला, पण १ गिगाओहमचा रोध दर वेळी कमी दिसू लागला. आम्ही आधी रोधावर संशय घेतला, मग मापकावर. अखेर तोच रोध जुन्या संगणकाने मोजला, तर वाचन बरोबर आले. प्रोग्रॅममध्ये जोडणी आणि वाचन यांच्यामध्ये एक रिकामे आवर्तन होते. जुन्या संगणकाला त्यासाठी काही सेकंद लागत, नव्याला क्षणभरही लागत नव्हता.

तारेची धारकता १०० पिकोफॅरड धरा. रोध आणि धारकता यांचा गुणाकार ०.१ सेकंद येतो. वाचन हजारात एका भागापर्यंत स्थिरावायला याच्या सातपट, म्हणजे ०.७ सेकंद लागतात. आम्ही विद्युतदाब चढत असतानाच तो वाचत होतो.

आवर्तन काढून आम्ही तिथे घड्याळाने मोजलेले दोन सेकंद घातले. मापकाच्या स्मृतीतले दुरुस्तीचे आकडेही कागदावर उतरवून घेतले. आता संगणक बदलला की ज्ञात रोध आधी जुन्यावर आणि मग नव्यावर मोजतो. प्रोग्रॅम विनातक्रार चालला म्हणजे मापन बरोबर झाले, असे होत नाही.

वरचा गुणाकार अकरावी-बारावीच्या वर्गात सहज करता येईल. आणि स्क्रू गेजच्या डबीत शून्यत्रुटीची चिठ्ठी तारखेसह ठेवायला आजच सुरुवात करता येईल.