मस्तिष्कावरणशोथ, जिवाणुजन्य : प्रतिजैविक उपचार

मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांना जिवाणूंमुळे येणारा शोथ. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा ‘बी’ हे त्यामागचे प्रमुख जिवाणू. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान व ग्लानी ही लक्षणे. तान्ह्या बाळाची मान ताठेलच असे नाही. ते दूध ओढत नाही, टाळू फुगते.

निदानासाठी पाठीतले पाणी काढतात. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवलेल्या रुग्णाच्या कमरेच्या मणक्यांमध्ये सुई घालतात. एरवी नितळ असणारा द्रव गढूळ येतो. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि साखर घटलेली आढळते. या सुईने पाय लुळे पडतात ही भीती घरोघरी असते, पण मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो.

तपासणीला उशीर होणार असेल तर औषध अडवून ठेवू नये. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील सणसवाडीसारख्या कारखानदारीच्या गावातून रुग्ण पुण्याला हलवताना वाघोलीची वाहतूक कोंडी वाटेतच असते. दाट संशय असल्यास, जमल्यास रक्ताचा नमुना घेऊन, पहिला डोस जवळच्या रुग्णालयातच द्यावा आणि मग रुग्णवाहिका सोडावी.

प्रौढांना सेफ्ट्रिॲक्झोन दर 12 तासांनी 2 ग्रॅम शिरेतून देतात. जिवाणू औषधाला दाद देणार नाही अशी शंका असल्यास व्हँकोमायसिनची जोड देतात. पन्नाशीपुढे लिस्टेरियासाठी ॲम्पिसिलिनही लागते. रक्तातून मेंदूकडे औषध सहज जात नाही. शोथामुळे हा अडसर सैल होतो, म्हणूनच पेनिसिलिनही आत पोहोचते. शोथ ओसरला की वाट पुन्हा आवळते. त्यामुळे ताप उतरला, रुग्ण बोलू लागला म्हणून डोस कमी करणे किंवा गोळ्यांवर आणणे घातक ठरते. आधीच तापावर घेतलेल्या प्रतिजैविक गोळ्याही घोटाळा करतात: त्यांनी आजार बरा होत नाही, मात्र कल्चरमध्ये जिवाणू उगवत नाहीत. मेनिंगोकोकससाठी साधारण 7, तर न्यूमोकोकससाठी 10 ते 14 दिवस उपचार चालतो. क्षयजन्य प्रकार वेगळा. तो हळूहळू वाढतो आणि त्याला अनेक महिने एकेटी (क्षयविरोधी औषधे) लागते.

पेनिसिलिन येण्यापूर्वी न्यूमोकोकसच्या या आजारातून रुग्ण क्वचितच वाचे. पुण्याजवळ पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची मेनिंगोकोकसवरील ‘मेनॲफ्रिव्हॅक’ लस 2010 मध्ये बुर्किना फासोपासून आफ्रिकेत दिली जाऊ लागली.

मरणाऱ्या जिवाणूंचे तुकडेही शोथ भडकवतात. म्हणून प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी किंवा त्यासोबतच डेक्सामेथासोन देतात. न्यूमोकोकसच्या आजारात त्याचा लाभ विशेष दिसतो. तरीही काही रुग्णांना कायमचे बहिरेपण येते. घरी सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतर लवकरच, विशेषतः मुलांची, श्रवणचाचणी करावी. ती राहून गेली तर मूल बोलायला का शिकत नाही हे पालकांना फार उशिरा कळते.