लडाखी घरांतील सौरभिंत

सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहच्या परिसरात हिवाळ्यातील तापमान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरते आणि लाकूड दुर्मीळ असल्याने पूर्वी मुख्य इंधन वाळलेले शेणच असे. त्यामुळे थंडीचे महिने कुटुंबे स्वयंपाकघरातील चुलीभोवती काढीत. कच्च्या विटांच्या जाड भिंती ऊब काही काळ धरून ठेवीत, परंतु १९६२ मध्ये श्रीनगर-लेह रस्ता वाहनांसाठी खुला झाल्यावर पुढे सिमेंटची आवक वाढली आणि प्रतिष्ठेचे मानले गेलेले हे नवे बांधकाम (हा विरोधाभासच म्हणावा लागेल) मातीच्या घरांहून अधिक गारठू लागले.

याच काळात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, हेलेना नॉर्बर्ग-हॉज यांच्या प्रकल्पातून ‘ट्रॉम्ब भिंत’ लडाखमध्ये आली. फ्रेंच अभियंता फेलिक्स ट्रॉम्ब यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत दक्षिणाभिमुख जाड भिंतीला काळा रंग देऊन तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवतात. दिवसा शोषलेली उष्णता भिंतीतून सावकाश झिरपत रात्री खोलीत पोहोचते. भिंत मातीचीच असल्याने स्थानिक गवंड्यांना ती परकी नव्हती, काच मात्र बाहेरून आणावी लागे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप’ने हे काम पुढे नेले. तथापि केवळ सूर्य पकडणे पुरेसे नव्हते. छत आणि उरलेल्या भिंतींतून ऊब निसटतच राहिली, म्हणून नंतरच्या प्रकल्पांनी दुहेरी भिंतींच्या पोकळीत व छतात पेंढा भरण्यावर भर दिला आणि ही दुरुस्ती मूळ शोधाइतकीच मोलाची ठरली.