अण्णांचे दिवाळे

दिवाळी अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगू नये, असे आमची आजी म्हणाली असती. पण ही गोष्ट मला तिनेच सांगितली आहे, आणि तीही दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्ताशांचे ताट भरताना. तेव्हा तिची हरकत नसावी असे धरून चालतो.

माझे आजोबा गुळाचे आडते. घरात, पेठेत आणि रयतेत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. आज आमचा गाळा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आहे, पण ही हकीकत घडली तेव्हा दुकान भवानी पेठेत होते. दारात गुळाच्या ढेपा, आत गादी-तक्क्या, आणि दुकानासमोर अर्धा रस्ता अडवून उभी असलेली अण्णांची शेव्हरोले!

गाडी १९४८ सालची. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली कारखाना काढला होता. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग तिथे जोडत आणि गाडी तयार करत. अण्णांची गाडी तिथलीच. सहा सिलिंडरांचे इंजिन, हत्तीसारखा देह आणि हरणासारखी धाव. कात्रजचा घाट ती गिअर न बदलता चढे, असे अण्णा सांगत. ड्रायव्हरकाका त्या वेळी खाली मान घालून हसत, म्हणजे एखादा गिअर बदलावा लागत असणार! पांढरा सदरा, पांढरी विजार आणि डोक्यावर टोपी, हा त्यांचा पोशाख. अण्णा आले की गाडीला वळसा घालून यायचे आणि मागचे दार उघडून उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ता.

ही नुसती हौस नव्हती. आडत्याचे खरे भांडवल म्हणजे त्याची पत. शेतकरी गूळ घेऊन येई, माल विकला की पट्टी होई. पण सगळे पैसे तो लगेच नेत नसे. मुलीचे लग्न, विहिरीचे काम, असे काही निघेपर्यंत रक्कम आडत्याकडेच राही. पावतीपेक्षा विश्वास मोठा. आणि ज्याच्या दारात एवढी गाडी, त्याच्याकडे पैसा ठेवायला भ्यायचे कशाला? गाडी ही आमच्या पेढीची न बोलणारी जामीनदार होती.

मोटारीला काटकसर शिकवण्याची वेळ आपल्या देशावर पूर्वीही आली होती. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा मोटारींच्या आणि बसगाड्यांच्या पाठीला लोखंडी भट्ट्या लावून कोळशाच्या गॅसवर त्या चालवल्या गेल्या. गाडी सुरू करण्याआधी चुलीसारखी पेटवायची, राख काढायची, मगच प्रवासाला निघायचे. चढ आला की ती दमेकऱ्यासारखी धापा टाकी. युद्ध संपले, भट्ट्या उतरल्या, आणि तो धडा लोक विसरले.

कारखानदारांना मात्र तो विसरता आला नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याला प्रीमियरचा मोटारींचा कारखाना काढला. १९४७ साली तिथून बाहेर पडू लागल्या त्या डॉज, प्लिमथ अशा ऐसपैस अमेरिकन वळणाच्या गाड्या. पण आपल्या देशाच्या खिशाला त्या कुठून परवडणार? काही वर्षांतच कुर्ल्याने इटलीच्या फियाटचा हात धरला, आणि मध्यमवर्गाच्या दारात छोटी, बेताने पिणारी फियाट आली. तिकडे शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. नुसती जोडणी नको, गाडी इथेच घडवा, असे सरकारचे धोरण होते. तेव्हापासून अण्णांची शेव्हरोले पोरकी झाली. एखादा भाग मोडला की ड्रायव्हरकाका जुन्या बाजारात जाऊन भंगारात तो हुडकीत.

अशी वीस-पंचवीस वर्षे गेली. मग १९७२ चा दुष्काळ आला. उसाला पाणी नाही, गुऱ्हाळे थंड, पेठेत आवक नाही. त्यातून मान वर काढतो न काढतो तोच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध पेटले. तेलवाल्या अरब देशांनी हात आखडता घेतला, आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला तेलाचा भाव १९७४ च्या जानेवारीत ११ डॉलरांच्या पुढे गेला. आपल्याकडे पेट्रोल एकदम भडकले. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीत बसून संसदेत गेले. पेठेत यावर बरेच विनोद झाले. अण्णांना मात्र हसू आले नाही. त्यांची गाडी लिटरला सहा किलोमीटरही धड जात नव्हती.

अण्णांनी वही काढली. गाडीचा खर्च त्यांनी ‘दिमाख खाते’ या नावाने लिहिला होता. माणूस स्वतःशी प्रामाणिक होता! दुष्काळाच्या वर्षी हे खाते दुकानातल्या दोन दिवाणजींच्या पगाराहून जड झाले होते. एका दिवाणजीला घरी बसवायचे की गाडीला, एवढाच प्रश्न उरला. १९७४ च्या दसऱ्यानंतर अण्णांनी गाडी मुंबईच्या एका दलालाला विकली. तो तिचे पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवणार होता. आजी म्हणे, “देह ठेवून काळीज बदलायचं, हे कसलं मेलं!”

गाडीच्या जागी दारात आला तीन चाकांचा टेम्पो. या वाहनाचे घराणे जर्मनीतल्या हँबुर्गचे. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून ते आपल्याकडे आणले. कंपनीचे नाव २००५ साली बदलले, पण ‘टेम्पो’ हा शब्द तोवर मराठीच होऊन बसला होता. कोणत्याही कंपनीची मालगाडी असो, आपण तिला टेम्पोच म्हणतो. हा टेम्पो फटफट वाजे, धूर सोडी. पण सात-आठ पोती घेऊन बोळाबोळांतून जाई आणि शेव्हरोलेच्या मानाने चहा प्यावा तितकेच पेट्रोल पिई.

दुसऱ्याच दिवशी पेठेत कुजबुज सुरू झाली: अण्णांचे दिवाळे निघाले! हुंडेकऱ्यांनी ती बातमी गावोगाव पोचवली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुकानापुढे शेतकरी जमू लागले. कोणी काही बोलेना. “पोरीचं जमतंय, अण्णा,” “विहीर काढतोय, अण्णा.” एकाच आठवड्यात एवढ्या मुलींची लग्ने आणि एवढ्या विहिरी निघाल्याचे पुणे जिल्ह्याच्या इतिहासात नमूद नसेल.

अण्णांनी कोणाला उलट विचारले नाही. गादीवर बसून एकेकाची रक्कम मोजली. गाडीचे आलेले पैसे संपले; आजीच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिजोरीत पूजेपुरताच रुपया होता, हे आजी सांगे तेव्हा तिचा आवाज अजूनही बदलत असे. पण एकही माणूस रिकामा परत गेला नव्हता. पाडव्याला नवी वही उघडली. दुपारी नीरेकडचा एक म्हातारा शेतकरी आला, तीन दिवसांपूर्वी नेलेले फडके तसेच गादीवर ठेवले आणि म्हणाला, “ज्याच्याकडं मागितल्यावर मिळतं, त्याच्याकडंच ठेवावं.” त्याच्यामागून हळूहळू बाकीचे आले. शेव्हरोलेने जी पत वीस-पंचवीस वर्षांत मिळवली नव्हती, ती तिच्या जाण्याने एका आठवड्यात मिळवून दिली.

राहिले ड्रायव्हरकाका. आठ दिवस ते टेम्पोला शिवले नाहीत. नवव्या दिवशी तोच पांढरा पोशाख आणि टोपी घालून आले. अण्णा दुकानातून बाहेर पडताच त्यांनी टेम्पोला वळसा घातला, डावीकडचे पत्र्याचे दार उघडले आणि अदबीने उभे राहिले. सारी पेठ बघत होती. अण्णा आत बसले आणि दोघेही, म्हणतात, स्वारगेटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पेठेतला बाजार पुढे गुलटेकडीला गेला. १९७२ पासून रस्त्यावर धावलेली चेतक स्कूटर २०२० साली विजेवर चालणारी होऊन परत आली. परवा मार्केट यार्डात गेलो होतो. आता गाळा माझा आतेभाऊ सांभाळतो. त्याने आपली धिप्पाड, वेगवान गाडी विकून विजेवर चालणारी छोटी मोटार घेतली आहे. आम्ही दारात उभे होतो, शेजारून विजेची तीनचाकी गुळाच्या पेट्या घेऊन आवाज न करता गेली. तेवढ्यात समोरच्या गाळ्यावरच्या शेठजींनी त्याला हळूच विचारले, “काय, धंदा बरा चाललाय ना?”

आतेभाऊ हसला आणि आत जाऊन त्यांच्यासाठी चहा सांगितला. मी मात्र वळून मोटारीच्या डाव्या दाराकडे पाहिले. तिथे क्षणभर पांढरी टोपी दिसल्यासारखे वाटले.