भाड्याची खोली आणि आडनाव

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढल्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. पुस्तकात ही गोष्ट इंजिनाची म्हणून सांगतात. मला ती भाड्याची वाटते. रूळ लांब गेले तसा कामगार कामापासून लांब राहायला लागला, आणि त्या लांबीचा पास त्यानंच स्वतःच्या खिशातून काढला.

आधी गिरणी आणि खोली एकाच भोंग्याच्या टप्प्यात होती. १८९६ ला प्लेग आला. १८९८ ला सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते केले. उठवलेल्यांना पुरतील एवढ्या खोल्या काही बांधल्या नाहीत. ट्रस्टच्याच परळच्या चाळीत बाबासाहेब राहिले. आणि हाच माणूस १९१७ ला, परदेशात शिकून आलेला, बडोद्यात नोकरीवर गेला तर त्याला राहायला जागा न्हाई! पारशी नाव लावून पारशांच्या सराईत उतरावं लागलं. काही दिवसांनी लोक काठ्या घेऊन दारात आले.

१९४७ ला भाडेनियंत्रण कायदा आला. भाडं गोठलं. ज्याच्या बुडाखाली खोली होती तो तगला, हे खरंच. पण मालकानं पागडी काढली. ज्याच्याकडं रोकड नाही त्याला कायदा असून नसल्यासारखा. १९७३ ला १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूचा हक्क मिळाला. मालक हुशार झाले. अकरा महिन्यांचा कागद करायचा आणि भाडेकरू हा शब्दच त्यात येऊ द्यायचा नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. पोरंबाळं कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरारकडं सरकली.

तिथं स्टेशनाबाहेर दलाल विचारतो, आडनाव काय? गाव कुठलं? खाण्यात काय? पहिल्या दोन प्रश्नांना खोटं बोलता येतं. तिसऱ्याचं उत्तर रविवारी चुलीवरनं आपोआप बाहेर जातं.

घटनेच्या १५व्या कलमात दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर, तलाव, रस्ता आहे. भाड्याचं घर तिथं नाव घेऊन लिहिलेलं नाही. १७व्या कलमानं अस्पृश्यता गाडली, पण दलाल कुठं अस्पृश्य म्हणतो? तो म्हणतो, "सोसायटीला चालत न्हाई, भाऊ." २००५ ला सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, फक्त पारशांनाच सभासद करायचा नियम चालू ठेवला. बडोद्यापासून अहमदाबाद लांब नाही.

मालक येणार म्हटलं की भिंतीवरला बाबासाहेबांचा फोटो कपाटात ठेवणारी घरं आपल्यात आहेत. त्यांना हसू नका. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपायला छप्पर लागतं.

दोस्तांनो, ज्यांना खोली सोडावी लागली त्यांनी स्टेशन, तारीख, डिपॉझिट आणि मालकानं तोंडानं सांगितलेलं कारण लिहून ठेवा. कराराच्या कागदावर ते कारण कधीच येत नाही.