विजेचा दिवा आणि कामाचा दिवस

यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात, असे आपण शाळेत शिकलो. गिरणीचा इतिहास निराळेच सांगतो. पूर्वी सूर्य मावळला की मजूर सुटत असे. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. या नव्या सूर्याला मावळणेच ठाऊक नव्हते!

पुढे १९१५ साली आपल्या लोणावळे-वळवणचे पाणी घाट उतरून खोपोलीस गेले आणि त्याची वीज टाटांनी गिरण्यांना पुरविली. पाणी मावळचे, घाम गिरणगावचा, नफा भागधारकांचा. वाटणी कशी चोख!

दिवस आखडला तो कायद्याने, आणि कायद्यामागे मजुरांचा रेटा होता: १९११ साली गिरणीत बारा तास, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, १९४८ साली नऊ. यंत्राने आपण होऊन एक मिनिटही सोडले नाही.

आज आपण वळवणचे धरण पाहतो, चिक्की घेतो आणि रात्री अकराला खिशातल्या फोनवर साहेबांचा हुकूम वाचतो. गिरणीतला दिवा निदान मालकाच्या खर्चाने जळे. हा आपण हप्त्याने विकत घेतला आहे. तो विझविण्याची कळ मात्र दुकानात मिळत नाही. ती पूर्वीही संघटनेतच मिळाली होती.