सामायिक जोडणीची मोजदाद : नेटवर्क बँडविड्थ-मापनाचा ऐतिहासिक आढावा (१९८६ ते १९९९)

प्रस्तावना

बँडविड्थ म्हणजे नेटवर्क-जोडणीची वहनक्षमता. एकच जोडणी शेकडो व्यक्ती वापरतात तेव्हा ती मंदावल्यास दोष कोणाचा, असा वाद उद्भवतो. आणि मोजमाप नसेल तर तर्कालाच पुराव्याचे स्थान मिळते. प्रस्तुत लेखात बँडविड्थ-मापनाच्या साधनांची जडणघडण तपासली असून, ही साधने काय दाखवतात व काय झाकतात, याचा विचार केला आहे.

कोंडीचा अनुभव

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांमधील माहिती-वहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून अवघ्या ४० बिट्सवर घसरला. दोन्ही ठिकाणांतील अंतर केवळ ४०० यार्ड होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात या कोंडीची मीमांसा करून ती टाळण्याचे उपाय मांडले. त्याच वर्षी ‘एसएनएमपी’ हा नेटवर्क-व्यवस्थापनाचा संकेत प्रसिद्ध झाला. त्यामुळे राउटर वा सर्व्हरच्या प्रत्येक जोडणीवरून किती बाइट्स आल्या-गेल्या, याची नोंद ठेवणारा गणक दुरून वाचणे शक्य झाले. हा गणक वीजमीटरप्रमाणे केवळ वाढत जातो. दोन वाचनांतील फरकाला मधल्या काळाने भागले की सरासरी वेग मिळतो.

लेस्टरमधील प्रयोग

इ.स. १९९४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठात हजाराहून अधिक संगणकांसाठी बाहेरच्या जगाशी ६४ किलोबिटची एकच जोडणी होती. तिची अवस्था जाणून घेण्यास सारेच उत्सुक होते. तेथे कार्यरत असलेल्या टोबियास ओटिकर यांनी हा भार आलेखरूपाने वेबवर सतत दाखवणारा प्रोग्राम पर्ल भाषेत लिहिला. तोच ‘एमआरटीजी’ या नावाने १९९५ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाला. जानेवारी १९९६ मध्ये डेव्ह रँड यांनी त्याच्या संथपणाबद्दल ओटिकर यांना विचारणा केली आणि पुढे त्यातील वेळखाऊ भाग सी भाषेत नव्याने लिहून पाठवला. त्यामुळे वेग ४० पट वाढला.

या साधनाची नोंदपद्धतीही लक्षणीय आहे. दैनिक आलेखासाठी दर पाच मिनिटांची, साप्ताहिकासाठी अर्ध्या तासाची, मासिकासाठी दोन तासांची, तर वार्षिकासाठी एका दिवसाची सरासरी ठेवली जाते. जुना तपशील विरळ होत जातो आणि नोंदवही फुगत नाही. हीच कल्पना ओटिकर यांनी १९९९ च्या ‘आरआरडीटूल’मध्ये अधिक व्यापक केली.

मापनाच्या मर्यादा

३२ बिटांचा गणक सुमारे ४२९ कोटी बाइट्सनंतर पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने सलग वाहतूक झाल्यास हे सुमारे ५.७ मिनिटांत घडते. एक गिगाबिट वेगाने मात्र अवघ्या ३४ सेकंदांत. अशा वेळी पाच मिनिटांनी घेतलेले वाचन खोटे ठरते. म्हणूनच पुढे ६४ बिटांचे गणक आवश्यक ठरले.

दुसरी मर्यादा सरासरीची आहे. जोडणी ३० सेकंद पूर्ण भरून उरलेली साडेचार मिनिटे रिकामी राहिली, तर आलेखावर वापर केवळ १० टक्के दिसतो. त्या ३० सेकंदांत खोळंबलेल्यांची तक्रार मात्र खरीच असते. शिवाय जोडणीवरील गणक वापर किती झाला ते सांगतो. तो कोणी व कशासाठी केला, हे सांगत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, लेस्टरमधील आलेखाने जोडणीची क्षमता एका बिटानेही वाढवली नाही. तथापि तंत्रज्ञापुरते असलेले ज्ञान त्याने सर्व वापरकर्त्यांसमोर ठेवले. सामायिक संसाधनाविषयीचा वाद यामुळे पुराव्याच्या आधारे होऊ शकतो. मात्र केवळ आलेख दाखवून कोणाची तक्रार फेटाळण्यापूर्वी तो किती वेळाची सरासरी आहे, हे विचारणे अगत्याचे आहे.