ज्योती लांजेवार यांची कविता आणि लेकीचा इंग्रजी अनुवाद

नाशिकमध्ये आंबेडकरी कविता म्हटली की पहिले नाव येते सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांचे. त्यांची गाणी तोंडोतोंडी पसरली. मुक्तछंदातल्या कवितेचे तसे होत नाही; ती पुस्तकात राहते आणि दुसऱ्या भाषेत जायचे तर कुणीतरी तिला न्यावे लागते. नागपूरच्या ज्योती लांजेवार (१९५०–२०१३) यांच्या कवितेला असे कुणीतरी घरातच भेटले.

ज्योतीताई मराठीच्या प्राध्यापक, कवयित्री आणि समीक्षक. 'दिशा' (१९८२) आणि 'शब्द निळे आभाळ' हे त्यांचे संग्रह. सर्वाधिक वाचली गेलेली कविता मात्र 'आई'. मजुरी करून, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणारी ही बाई नामांतराच्या मोर्चातही पुढे असते आणि अखेरपर्यंत तिची ओढ दीक्षाभूमीकडे असते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात रस्त्यावर उतरलेल्या बायांची नोंद आम्हाला लढ्याच्या इतिहासात शोधावी लागते. या कवितेत ती समोरच असते.

'आई' अनुवादातून इंग्रजी वाचकांपुढेही गेली. पुढे कन्या डॉ. अपर्णा लांजेवार-बोस यांनी आईच्या कवितांचा 'रेड स्लोगन्स ऑन द ग्रीन ग्रास' (२००८) हा अनुवाद केला. अपर्णाताई इंग्रजीच्या प्राध्यापक आणि स्वतः कवयित्री. 'इन द डेज ऑफ केजेस' हा त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह.

लेकीने केला म्हणून अनुवाद आपोआप चांगला ठरत नाही, हे सांगायलाच हवे. इंग्रजी ओळींची परीक्षा मूळ मराठीशेजारी ठेवूनच व्हावी. पण 'जयभीम' या शब्दाला तळटीप का पुरत नाही, हे तिला कुणाला विचारावे लागत नाही.

इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली काही मुले 'आई' आधी 'मदर' म्हणून वाचतात. त्यात कमीपणा काही नाही. नाशिकच्या आमच्या वाचनगटात आम्ही दोन्ही कविता समोर ठेवतो. इंग्रजी मुले वाचतात, मराठी एखाद्या आजीला वाचायला सांगतो. बहुतेक वेळा ती पूर्ण होतच नाही. मोर्चाचा उल्लेख आला की आजी कागद बाजूला ठेवते आणि स्वतःची हकीकत सांगू लागते.